इमारतीत पाणी शिरलं तर: व्हॉल्व्ह बंद करण्यापासून भिंत वाळेपर्यंत

सुट्टीचा दिवस, सकाळचे सात. एका तीन मजली ऑफिस इमारतीच्या गार्डचा फोन आला, "साहेब, जिन्यावरून पाणी उतरतंय." तिसऱ्या मजल्यावरच्या बेसिनखालचा वेणीचा पाइप (वरून तारेची जाळी असलेली लवचीक नळी) रात्री कधीतरी फुटला होता. गार्डने डक्टमधला व्हॉल्व्ह शोधून चाक फिरवलं. चाक फिरतच राहिलं आणि पाणी येतच राहिलं, कारण आतला दांडा गंजून कधीच तुटला होता. गच्चीवर जाऊन टाकीचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करेपर्यंत आणखी ४० मिनिटं गेली. टाकीची पातळी उतरली की पंप आपोआप सुरू होत होता, त्यामुळे पाणी संपायचा प्रश्नच नव्हता. अशा फुटक्या पाइपातून मिनिटाला २० लिटर पाणी पडतं असं धरलं, तरी आठ तासांत साडेनऊ हजार लिटर होतात.

पुढच्याच आठवड्यात मालकांनी भिंती रंगवून घेतल्या. दोन महिन्यांत रंगाला फुगे आले, पोपडे निघाले आणि सगळं काम पुन्हा करावं लागलं.

हेच मी अनेक इमारतींत पाहिलंय. जिथे मिनिटं मोजायची तिथे शोधाशोध चालते आणि जिथे आठवडे द्यायचे तिथे घाई होते. खालचा क्रम त्यासाठीच सविस्तर लिहितोय.

आधी व्हॉल्व्ह ओळखून ठेवा

पाणी कुठून बंद करायचं, हे इमारतीतल्या किमान तिघांना ठाऊक हवं आणि त्यातला एक रात्रपाळीचा गार्ड हवाच. मुख्य लाइन, जमिनीखालची टाकी, पंप, गच्चीवरच्या टाकीचे आउटलेट, प्रत्येक मजल्याचा व्हॉल्व्ह, फायर लाइन यांचा साधा नकाशा काढा. प्रत्येक व्हॉल्व्हला नंबराचा पत्रा बांधा आणि तोच नंबर नकाशावर टाका. जुन्या ड्रॉइंगवर विसंबू नका. भाडेकरू बदलतात तशा लाइनी बदलतात, आणि कागदावर मात्र जुनंच राहतं. एकेक व्हॉल्व्ह बंद करून कुठला नळ थांबतो ते प्रत्यक्ष बघा.

वर्षातून दोनदा प्रत्येक व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. चाकाचा गेट व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं हलवला नाही तर हमखास जाम होतो. तो उघडताना टोकापर्यंत नेऊन पाव वळसा मागे आणून ठेवा. बदलायची वेळ आली तर बॉल व्हॉल्व्ह घ्या. हँडल पाइपाच्या रेषेत असेल तर चालू, आडवं असेल तर बंद, हे अंधारातही हाताला कळतं. मोठ्या लाइनीवरचा बॉल व्हॉल्व्ह मात्र सावकाश बंद करायचा, नाहीतर पाण्याचा धक्का बसून दुसरीकडचा सांधा निघतो.

पाण्याचा दाब दर दहा मीटर उंचीला साधारण एक बार (दाब मोजायचं एकक) वाढतो. म्हणजे टाकी ३० मीटर उंचावर असेल तर तळमजल्याच्या नळावर तीन बार. दिवसा वापर चालू असताना हा दाब थोडा कमी असतो, रात्री सगळे नळ बंद झाले की पूर्ण चढतो. म्हणून कमकुवत पाइप बऱ्याचदा नेमका कोणी नसताना फुटतो. उंच इमारतीत खालच्या मजल्यांना दाब कमी करणारा व्हॉल्व्ह हवा. बेसिन आणि कमोडचे वेणीचे पाइप दर पाच वर्षांनी बदलावेत असं माझं मत आहे. वेणीवर गंजाचा ठिपका दिसला तर त्याच दिवशी बदला.

टॉर्च, रबरी बूट, हातमोजे, वायपर, प्लास्टिकची ताडपत्री, पाणी ओढणारा व्हॅक्यूम, पाण्यात बुडवायचा छोटा पंप, पाइपावर आवळायची क्लँप हे सामान एका ठिकाणी ठेवा. फक्त तळघरात नको.

पहिली काही मिनिटं

क्रम ठरलेला आहे: आधी माणसं, मग वीज, मग पाणी, आणि माल सगळ्यात शेवटी. संगणक वाचवायला पाण्यातून पळत जाणारा माणूस मी पाहिलाय, आणि त्या खोलीतली वीज तेव्हा चालू होती.

पाणी साचलेल्या खोलीत पाऊल टाकण्याआधी त्या भागाची वीज बाहेरून बंद करा. पॅनेलपर्यंत पोचायला पाण्यात उभं राहावं लागत असेल किंवा पॅनेलच भिजलं असेल, तर त्याला हात लावू नका. वीज कंपनीला फोन करून पुरवठा बाहेरून तोडायला सांगा. एक गोष्ट नेहमी विसरली जाते. मेन बंद केला तरी यूपीएस, जनरेटर आणि सोलर यांची वीज चालू राहू शकते. त्यांचे स्विच कुठे आहेत तेही नकाशावर हवं.

लिफ्ट पाण्याच्या वरच्या मजल्यावर न्या, रिकामी करा आणि तिथेच बंद करा. लिफ्टच्या खड्ड्यात पाणी असताना कोणी बटण दाबलं तर केबिन थेट पाण्यात उतरते.

आता पाणी. गळतीच्या सर्वांत जवळचा व्हॉल्व्ह बंद करा. तो चालला नाही तर त्याच्याशी झटत बसू नका, एक टप्पा मागे जाऊन मजल्याचा करा, तोही नसेल तर टाकीचा. त्याच वेळी दुसऱ्या माणसाला पंपाचा ऑटो स्विच बंद करायला पाठवा. मग त्याच लाइनीवरचे खालच्या मजल्यांचे नळ उघडा. पाइपात राहिलेलं पाणी तिकडून निघून जातं आणि फुटलेल्या जागेवरचा जोर लगेच उतरतो.

पाणी स्प्रिंकलरमधून, म्हणजे आग विझवणाऱ्या छताच्या फवाऱ्यातून, येत असेल तर नियम वेगळा. एक स्प्रिंकलर सुटला की मजल्यावरचे सगळे सुरू होतात हा मोठा गैरसमज आहे. नेहमीच्या व्यवस्थेत जो तापतो किंवा ज्याला धक्का बसतो तेवढाच उघडतो. पण तो एकटाही कमी नसतो, सर्वसाधारण स्प्रिंकलर एक बार दाबाला मिनिटाला सुमारे ८० लिटर पाणी फेकतो. व्हॉल्व्ह बंद करण्याआधी कुठेही आग नाही याची स्वतः खात्री करा. बंद केल्यावर एक माणूस व्हॉल्व्हपाशी उभा ठेवा आणि ती लाइन पुन्हा सुरू होईपर्यंत त्या भागात आगीची गस्त ठेवा. हा व्हॉल्व्ह बंद करून विसरण्याइतकी घातक चूक दुसरी नाही.

जिप्समचं फॉल्स सीलिंग पोटासारखं फुगलं असेल तर वर पाणी साठलंय. एक लिटर म्हणजे एक किलो, आणि असं सीलिंग सांगून पडत नाही. खालून सगळ्यांना हटवा, त्या भागाची वीज बंद करा, ड्रम ठेवा. मग बाजूला उभं राहून लांब काठीच्या टोकाला बांधलेल्या स्क्रूड्रायव्हरने सगळ्यात खोल जागी एक बारीक भोक पाडा आणि पाणी धारेने उतरू द्या.

सामान हलवण्याआधी दोन मिनिटं काढून सगळीकडचे फोटो आणि व्हिडिओ घ्या. भिंतीवर पाणी कुठवर चढलं ती रेघही त्यात आली पाहिजे.

पाणी कसलं आहे ते बघा

नळाचं, टाकीचं पाणी स्वच्छ. वॉशबेसिन, एसीची नळी, फरशी धुतलेलं पाणी मधलं. कमोडचं, गटाराचं आणि बाहेरून आलेलं पुराचं पाणी घाण, ते कितीही नितळ दिसलं तरी घाणच. स्वच्छ पाणीही दोन दिवस कार्पेटमध्ये मुरलं तर स्वच्छ राहत नाही. घाण पाण्यात भिजलेलं कार्पेट, गादीच्या खुर्च्या, जिप्समचे पत्रे वाळवत बसू नका, काढून टाका. काम करणाऱ्यांना बूट, हातमोजे, मास्क द्या आणि अंगावर जखम असलेल्याला त्यात उतरवू नका.

उगम शोधताना

डाग जिथे दिसतो तिथे गळती असतेच असं नाही. पाणी स्लॅबवरून ढाळाकडे सरकतं, बीमच्या कडेने वाहतं, वायरिंगच्या नळीत शिरतं आणि पार दुसऱ्या खोलीत दिव्याच्या होल्डरमधून टपकतं. एका ऑफिसात सीलिंगवरचा डाग बरोबर वरच्या मजल्याच्या पॅन्ट्रीखाली होता. सगळ्यांनी पॅन्ट्रीला दोष दिला, तिथली फरशीही उखडली. डाग तसाच राहिला. मग रोज सकाळी आणि संध्याकाळी डागाच्या कडेने पेन्सिलची रेघ मारून शेजारी तारीख आणि वेळ लिहायला सुरुवात केली. आठवड्याने दिसलं की डाग फक्त कामाच्या दिवशी दुपारनंतर वाढतो आणि सुट्टीत हलत नाही. पॅन्ट्री सुट्टीतही वापरात होती. बंद असायचा तो एसी. त्याच्या पाण्याची नळी बारा फुटांवर शेवाळ धरून तुंबली होती, आणि ट्रे भरला की पाणी बीमला धरून इकडे यायचं.

म्हणून कुठलंही यंत्र आणण्याआधी हाच प्रश्न विचारा: पाणी कधी येतं? रात्रंदिवस सारखं येत असेल तर दाबाची लाइन. माणसं असताना येत असेल तर सांडपाण्याचा पाइप किंवा नहाणी ट्रॅपचा सांधा. पावसात किंवा पावसानंतर काही तासांनी येत असेल तर गच्ची, खिडकीच्या चौकटी, बाहेरची भिंत. एसी चालू असताना येत असेल तर ट्रे आणि नळी, किंवा थंड पाण्याच्या पाइपावरचं फाटलेलं इन्सुलेशन. इन्सुलेशनची गोष्ट वेगळी, तिथे पाइप गळत नसतो, हवेतलं बाष्प त्याच्यावर जमून टपकत असतं. अशा जागी प्लंबर कितीही सांधे बदलेल, ओल जाणार नाही.

दाबाच्या लाइनीची शंका असेल तर सगळे नळ बंद असताना रात्री मीटरचा आकडा लिहा आणि पहाटे पुन्हा बघा. मीटर नसेल तर टाकीत येणारं पाणी बंद करून आत पातळीची खूण करा. लहान गळतीला कमी लेखू नका, सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला सुमारे २० लिटर. फ्लश टाकी तपासायची तर तिच्यात खायचा रंग टाकून अर्धा तास कोणाला फ्लश करू देऊ नका. भांड्यात रंग उतरला तर टाकीचा वॉशर गेलाय. सांडपाण्याच्या लाइनींसाठीही तेच, प्रत्येक ट्रॅपमध्ये वेगळा रंग.

थर्मल कॅमेरा उपयोगी आहे, पण तो पाणी दाखवत नाही, तापमानातला फरक दाखवतो. ओली जागा बाष्पीभवनाने थंड पडते म्हणून ती गडद दिसते, आणि तशीच गडद एसीच्या झोताखालची कोरडी भिंतही दिसते. त्यामुळे कॅमेऱ्यात संशय आला की ओल मोजणारं मीटर लावून खात्री करा. मीटरलाही लोखंडी सळी आणि भिंतीतले क्षार फसवतात. फोडायचा निर्णय एका आकड्यावर घेऊ नका.

गच्चीची चाचणी म्हणजे पाणी तुंबवून ठेवणं. पावसाच्या पाण्याचे पाइप बंद करा, २५ ते ५० मिलिमीटर पाणी भरा आणि निदान २४ तास ठेवा. ५० मिलिमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला ५० किलो वजन, तेव्हा इमारत जुनी असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. गच्चीचे भाग पाडून एकेक भाग तपासला तर नेमकी जागाही कळते. बऱ्याचदा दोष मधल्या कोब्यात नसतो, तो कठड्याच्या वाट्यात, म्हणजे गच्ची आणि कठडा जुळतो त्या गोलाईत, किंवा पाइप जिथे स्लॅबमधून खाली उतरतो तिथे असतो.

बाहेरच्या भिंतीवर नळीने पाणी मारून बघायचं तर खालून सुरुवात करा. एकेका सांध्यावर १०-१५ मिनिटं पाणी सोडा, आत एक माणूस बघत बसवा आणि मगच वर सरका. वरून सुरुवात केली तर पाणी सगळ्या सांध्यांवरून ओघळतं आणि कुठून शिरलं ते कळत नाही.

दुरुस्ती शक्यतो पाणी जिकडून येतं त्या बाजूने करा. गच्ची गळत असताना खालून सीलिंगला लेप लावला तर डाग झाकला जातो, स्लॅब मात्र पाण्यात राहतो आणि आतली सळी गंजत जाते. तळघराच्या भिंतीला बाहेरून पोचता येत नाही, तिथे आतून इंजेक्शन ग्राउटिंग, म्हणजे भोकं पाडून दाबाने भेगा भरणं, करावं लागतं. ते नाइलाजाने, सवयीने नव्हे.

तळघर आणि पूर

तळघरात पाणी रॅम्पवरून येतं, भिंत आणि फरशीच्या सांध्यातून पाझरतं आणि केबल-पाइपांच्या भोकांतून शिरतं. चौथी वाट लोकांच्या लक्षात येत नाही: बाहेरचं गटार भरलं की पाणी उलट्या दिशेने फ्लोअर ट्रॅपमधून वर येतं. रॅम्पवर वाळूची पोती रचून मागे वळावं तर तळघर आतूनच भरत असतं. रस्त्याच्या पातळीखालच्या प्रत्येक सांडपाण्याच्या लाइनीला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवा, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा. त्याची झडप नियमित साफ करा. एक चिंधी अडकली तरी ती उघडी राहते.

पाणी उपसायच्या खड्ड्यात दोन पंप हवेत, आलटून पालटून चालणारे, आणि पातळी फार वाढली तर वाजणारा वेगळा अलार्म. दर महिन्याला खड्ड्यात बादल्यांनी पाणी ओतून फ्लोट, म्हणजे पातळी वाढली की पंप सुरू करणारा तरंगता स्विच, उचलला जातो का ते बघा. बटण दाबून पंप सुरू होतो हे बघणं पुरेसं नाही, कारण अडकतो तो फ्लोट.

पॅनेल आणि जनरेटर वर न्यायला जमत असेल तर न्याच, पण पूर्ण साखळी तपासा. २०१२ मध्ये सँडी वादळात न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयातले जनरेटर तेराव्या मजल्यावर सुरक्षित होते, पण त्यांना डिझेल पोचवणारे पंप तळघरात होते. ते बुडाले, आणि लोकांना जिन्यावरून हातोहात डिझेल वर न्यावं लागलं. शेवटी रुग्णालय रिकामं करावं लागलं. तुमच्या जनरेटरचा पंप, केबल आणि बदली स्विच कुठे आहेत, आजच खाली जाऊन बघा.

इशारा मिळाला की गाड्या लवकर बाहेर काढा. एकदा पाणी तळघरात शिरायला लागलं की कोणालाही खाली जाऊ देऊ नका, गाडी कितीही नवी असो. ९० सेंटिमीटर रुंद दाराबाहेर अर्धा मीटर पाणी उभं राहिलं की त्यावर ११० किलोंहून जास्त रेटा येतो. दार पाण्याच्या बाजूला उघडणारं असेल तर आतला माणूस ते ढकलू शकत नाही. वाहतं पाणी १५ सेंटिमीटर असलं तरी उभ्या माणसाचा तोल जाऊ शकतो.

दाराला लावायच्या फळ्या आणि अडसर साधारण ६० सेंटिमीटरपर्यंतच ठीक. त्यावर पाणी चढलं तर ते बाहेर अडवण्याच्या नादात भिंतच आत येऊ शकते. अशा वेळी पाणी आत येऊ द्यावं लागतं. हे ऐकायला कठीण आहे, पण भिंत गमावण्यापेक्षा फरशी धुणं परवडतं.

पूर ओसरल्यावर उपशाची घाई नको. बाहेरची माती अजून पाण्याने भरलेली असते आणि एक मीटर खोल पाणी भिंतीच्या तळाशी चौरस मीटरला एक टनाचा दाब देतं. आतलं पाणी एकदम काढलं तर बाहेरून ढकलणाऱ्याला आतून उत्तर देणारं कोणी राहत नाही, आणि भिंत कोसळू शकते किंवा फरशी उचलली जाते. बाहेरचं पाणी उतरू द्या, मग दिवसाला साधारण एक तृतीयांश पातळी उतरवा. थांबताना भिंतीवर खूण करा. रात्रीत पातळी पुन्हा वर आली तर आणखी थांबा. पेट्रोल किंवा डिझेलवर चालणारा पंप तळघरात कधीही लावू नका. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास न येता जीव घेतो. इंजिन बाहेर, मोकळ्या हवेत, फक्त पाइप आत. गाळ ओला असतानाच खरवडून धुवा, वाळला की तो निघता निघत नाही.

वाळवणं

बुरशी २४ ते ४८ तासांत धरायला लागते, म्हणून वाळवायला लगेच सुरुवात करायची, पण संपवायची घाई करायची नाही. आधी जेवढं पाणी ओढून काढता येईल तेवढं काढा. ओढलेलं पाणी क्षणात जातं, तेच हवेत उडून जायला दिवस लागतात. स्कर्टिंग काढा. जिप्समची पार्टिशन पाणी वर शोषते, म्हणून ओल्या रेघेच्या वर आणखी ३० सेंटिमीटरपर्यंत पत्रा कापा आणि आतलं भिजलेलं इन्सुलेशन बाहेर काढा. कपाटं भिंतीपासून हातभर पुढे ओढा. त्यांच्या पाठी राहिलेली ओल महिन्याने वासावरून कळते.

खिडक्या उघडायच्या की नाही हे बाहेरच्या हवेवर ठरवा. कोरडी हवा असेल तर उघडा. पावसाळी, दमट हवा असेल तर बंद ठेवा आणि आत डीह्युमिडिफायर (हवेतली ओल ओढणारं यंत्र) आणि पंखे लावा, नाहीतर बाहेरची ओल तुम्हीच आत आणता. जिथे सांडपाणी शिरलंय किंवा बुरशी दिसतेय तिथे साफसफाई होईपर्यंत पंखा लावू नका, तो ती सगळीकडे उडवतो. तोवर सेंट्रल एसीही बंद.

वाळलं की नाही हे हात लावून कळत नाही. पृष्ठभाग आधी वाळतो, ओल आत असते. भिंतीवर खडूने दहा-बारा जागा आखा आणि रोज त्याच जागी मीटर लावून आकडा लिहा. तुलना करायची ती तशाच बांधणीच्या, न भिजलेल्या भिंतीशी. आकडे तिच्या जवळ येऊन काही दिवस तिथेच टिकले की रंगाचा विचार करा. मीटर नसेल तर ४५ सेंटिमीटरचा चौकोनी प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने भिंतीला किंवा फरशीला चिकटवा आणि १६ तास ठेवा. आतून घाम फुटला किंवा खालची जागा गडद झाली तर अजून थांबायचंय. सुरुवातीला सांगितलेल्या इमारतीत हा एक तुकडा चिकटवला असता तर रंगाचा सगळा खर्च वाचला असता. वाळताना पांढरा लोणा बाहेर आला तर कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुतला तर क्षार परत भिंतीत जातात.

पुन्हा सुरू करताना

भिजलेले एमसीबी आणि प्लग वाळवून वापरू नका, बदला. केबलचं इन्सुलेशन मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणारं यंत्र) तपासून घ्या, आकडा एक मेगाओहमच्या खाली असेल तर ती लाइन जोडू देऊ नका. लिफ्ट कंपनीच्या माणसाने खड्डा आणि स्विच तपासल्याशिवाय लिफ्ट नाही. जमिनीखालच्या टाकीत पुराचं पाणी शिरलं असेल तर ती रिकामी करून घासा, क्लोरीनने निर्जंतुक करा आणि पाण्याची तपासणी झाल्यावरच पिण्याला द्या.

ओले कागद उलगडत बसू नका, फाटतात. महत्त्वाच्या फायली पिशव्यांत भरून फ्रीजरमध्ये टाकल्या तर बुरशी थांबते आणि तज्ज्ञाला सावकाश काम करता येतं. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा, पण सर्व्हेअर येईपर्यंत पाणी तसंच ठेवू नका. नुकसान वाढू न देणं ही विमा घेणाऱ्याची जबाबदारी धरली जाते. फोटो, काढलेल्या कार्पेटचा आणि पत्र्याचा एकेक तुकडा, मीटरचे रोजचे आकडे, पंपाच्या भाड्याची बिलं जपून ठेवा. अचानक फुटलेला पाइप आणि वर्षभर झिरपलेली ओल यांत बहुतेक पॉलिसी फरक करतात, म्हणून डागाशेजारी लिहिलेली ती तारीख इथेही कामी येते.

रंग दिल्यावर खडूच्या त्या दहा-बारा जागा नकाशावर उतरवून ठेवा. दोन महिन्यांनी आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर तिथेच पुन्हा मीटर लावा, आणि भिंतीवर टॉर्च तिरका धरून रंगाला कुठे फुगा येतोय का ते बघा.